त्वचेचा कर्करोग : निदानापासून व्रण फिका होईपर्यंत

चेहऱ्यावरची पुटकुळी तीन महिने उलटले तरी जात नाही. पोटरीवरच्या जुन्या भाजल्याच्या डागावर चिघळलेली जखम भरत नाही. तळपायावरचा काळा डाग हळूहळू पसरत जातो. यांपैकी कशातही सहसा वेदना नसते, ताप नसतो आणि रोजचे कामही अडत नाही. त्यामुळे त्वचेच्या कर्करोगाची पहिली चाहूल घरात कोणाला लागत नाही, आणि लागली तरी तिला कर्करोग म्हणावे असे कोणाच्या मनात येत नाही. भारतात हा रोग तोंडाच्या, स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या मानाने पुष्कळच कमी आढळतो, हेही या दुर्लक्षाचे एक कारण आहे. वस्तुतः उघड्या डोळ्यांना दिसणारा, हाताला लागणारा आणि वेळीच गाठला तर बहुसंख्य रुग्णांत शस्त्रक्रियेने समूळ काढता येणारा असा हा कर्करोग आहे. रोगाचे प्रकार, त्याची कारणे, निदान, शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे शरीराचे व मनाचे सावरणे यांची माहिती येथे क्रमाने दिली आहे.

तीन मुख्य प्रकार

त्वचेच्या सर्वांत वरच्या थराला बाह्यत्वचा म्हणतात. तिच्या तळाशी सतत नव्या पेशी तयार होत असतात. त्या वर सरकत चपट्या होतात आणि शेवटी कोंड्यासारख्या गळून पडतात. याच थरात रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशीही असतात. यांपैकी कोणत्या पेशी अनिर्बंध वाढू लागतात त्यावरून रोगाचा प्रकार ठरतो.

तळाच्या पेशींसारख्या दिसणाऱ्या कर्करोगास बेसल सेल कार्सिनोमा असे नाव आहे. नाक, पापणीची कड, गाल, कपाळ अशा उन्हाला उघड्या भागांवर तो विशेषेकरून होतो. मोत्यासारखी चकाकणारी छोटी गाठ, तिच्यावर बारीक रक्तवाहिन्या आणि कालांतराने मध्यभागी पडणारा खड्डा हे त्याचे नेहमीचे रूप. गव्हाळ व सावळ्या त्वचेवर ही गाठ पुष्कळदा काळपट असते आणि म्हणून साधा तीळ समजली जाते. हा कर्करोग शरीरात इतरत्र जवळजवळ कधीच पसरत नाही. मात्र जागच्या जागी तो खोल पोखरत जातो. डब्लिनचे नेत्रशल्यविशारद आर्थर जेकब यांनी १८२७ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे उंदराने कुरतडल्याप्रमाणे ऊतक खाणारा व्रण अशा अर्थाच्या नावाने तो ओळखला जाऊ लागला. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास नाकाची कूर्चा, पापणी, क्वचित हाडही त्यात नष्ट होते.

दुसरा प्रकार वरच्या चपट्या पेशींचा, म्हणजे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. खरखरीत, खपली धरणारी, सहज रक्त येणारी गाठ किंवा उंच कडांचा व्रण असे त्याचे स्वरूप असते. खालचा ओठ, कान, हाताची पाठ येथे तो उन्हामुळे होतो. जुन्या व्रणांवर आणि भाजल्याच्या डागांवरही तो उद्भवतो. थोड्या रुग्णांत तो जवळच्या लसिका ग्रंथींत पसरतो. म्हणूनच डॉक्टर तपासणीच्या वेळी मान, काख व जांघ चाचपून पाहतात.

तिसरा प्रकार मेलॅनोमा. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींपासून होणारा हा कर्करोग तिन्हींमध्ये सर्वांत विरळा आणि सर्वांत घातक आहे. गोऱ्या वंशांत तो पाठीवर, पायांवर, उन्हाने पोळलेल्या त्वचेवर आढळतो. भारतीयांत मात्र तळपाय, तळहात आणि नखाखालची जागा हे त्याचे प्रमुख स्थान आहे. तेथे ऊन पोहोचतच नाही, त्यामुळे ही गाठ उन्हाची नसते. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये याच प्रकारचा मेलॅनोमा आढळला. आरंभी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा समजली गेली होती. अंगठा काढून टाकण्याचा सल्ला त्यांनी स्वीकारला नाही. १९८१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सावळ्या त्वचेला हा रोग होत नाही हा समज किती महागात पडू शकतो, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

तीळ की कर्करोग, हे ओळखण्यासाठी काही खुणा सांगितल्या जातात. तिळाचे दोन अर्धे भाग एकमेकांसारखे नसणे, कडा दातेरी असणे, एकाच डागात तपकिरी, काळा, लालसर, निळसर असे अनेक रंग दिसणे, व्यास सुमारे सहा मिलिमीटरपेक्षा अधिक असणे आणि काही महिन्यांत आकार वा रंग बदलत जाणे या त्या खुणा. यांपैकी शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची. नखाखाली उभी काळी रेघ उमटून तिचा रंग नखाच्या मुळाकडील त्वचेवर उतरला असेल तर विलंब न करता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.

उन्हापलीकडची कारणे

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पेशींमधील जनुकीय द्रव्याला इजा करतात. ही इजा वर्षानुवर्षे साचत गेली की पेशींच्या वाढीवरचे नियंत्रण सुटते. त्वचेतील रंगद्रव्य या किरणांना बऱ्याच अंशी अडवते आणि म्हणून सावळ्या माणसांत हा रोग कमी आढळतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. गोव्याच्या किनाऱ्यावर रापण ओढणारे, होडीवर दिवस काढणारे, खाजन शेतात राबणारे, रस्त्याच्या व बांधकामाच्या कामावरचे मजूर यांच्या त्वचेवर आयुष्यभर जे ऊन पडते त्याचा हिशेब चेहऱ्यावर, कानांवर आणि खालच्या ओठावर उतरत असतो. ज्यांच्या त्वचेत जन्मतःच रंगद्रव्य नसते त्यांना हा धोका कितीतरी पटींनी अधिक असतो. मूत्रपिंड किंवा अन्य अवयवाच्या रोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनीही त्वचेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. आर्सेनिकयुक्त पाणी दीर्घकाळ पिण्यात आल्यानेही हा रोग होतो. पश्चिम बंगालच्या काही भागांत त्याचा अनुभव आलेला आहे.

भारतीय वैद्यकात या रोगाची काही खास रूपे नोंदली गेली आहेत आणि त्यांचा संबंध थेट पोशाखाशी व राहणीशी आहे. काश्मिरात फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसण्याची रीत आहे. तिच्या धगीने पोटावर व मांड्यांवर होणारा कर्करोग कांगडी कॅन्सर या नावाने जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकाऱ्यासह १९४५ मध्ये धोतर कॅन्सरची नोंद केली. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट कसलेल्या धोतराच्या घर्षणाने त्वचा आधी काळवंडते व खरखरीत होते, मग तेथे न भरणारा व्रण पडतो आणि काही जणांत त्याचा कर्करोग होतो. साडीखालच्या परकराची नाडी एकाच जागी आवळून बांधणाऱ्या स्त्रियांतही हेच घडते. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी अशा दोन वृद्ध स्त्रियांची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक अनेक दशके परकराविना थेट कमरेला कसून लुगडे नेसत होती. नाडी सैल बांधणे, रुंद पट्टा वापरणे, बांधण्याची जागा अधूनमधून बदलणे आणि कमरेवरचा काळा, खाजरा पट्टा दिसू लागताच तो दाखवणे, एवढ्यावर हा कर्करोग टाळता येण्यासारखा आहे.

भाजल्याच्या जुन्या व्रणावर होणाऱ्या कर्करोगाला फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन यांचे नाव आहे. भाजल्यानंतर पंधरा-वीस, कधी तीस वर्षांनीही तो डोके वर काढतो. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळपायावरचे वर्षानुवर्षांचे व्रण, हाडाच्या जुनाट पूजनलिका आणि पायांतील शिरांच्या विकाराने पडलेल्या जखमा यांनाही हाच धोका असतो. बरी होत आलेली जुनी जखम अकारण वाढू लागली, तिच्या कडा उंचावल्या, तिला दुर्गंधी सुटली किंवा वारंवार रक्त येऊ लागले, तर नुसते मलमपट्टीवर भागवू नये.

विलंब कोठे होतो

रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याआधी बहुधा बरेच उपाय होऊन गेलेले असतात. चामखिळीला घोड्याचा केस बांधणे, तिळावर चुना व सोड्याचे मिश्रण लावणे, कुरूपावर बिब्बा किंवा काजूच्या टरफलातील चीक घालणे हे प्रकार अजून चालतात. बाजारात बसून तीळ जाळून देणारेही भेटतात. यात दुहेरी नुकसान आहे. वरचा भाग जळून गेला की रोगाची ओळख पटवणारी खूण नाहीशी होते आणि खालची वाढ मात्र चालूच राहते. शिवाय जळलेल्या जागेचा व्रण पुढच्या तपासणीत गोंधळ घालतो.

दुसरा अडसर समजुतीचा. "गाठीला शस्त्र लागले की कॅन्सर पसरतो" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात कोणी ना कोणी उच्चारतो. या समजुतीचा उगम समजण्यासारखा आहे. पूर्वी रुग्ण फार उशिरा येत, शस्त्रक्रियेच्या वेळी रोग आधीच पसरलेला असे आणि पुढे जे घडे त्याचे खापर शस्त्रावर फुटे. त्वचेच्या कर्करोगाच्या बाबतीत तपासणीसाठी तुकडा काढल्याने रोग पसरतो याला आधार नाही. उलट तुकडा न काढता केलेले उपचार अंदाजाने केलेले असतात.

तुकडा तपासणी आणि तिचा अहवाल

डॉक्टर प्रथम प्रकाश टाकणाऱ्या भिंगाने डाग पाहतात. संशय वाटल्यास स्थानिक भूल देऊन बायोप्सी घेतली जाते. गाठ छोटी असेल तर ती संपूर्ण काढतात आणि मोठी असेल तर कडेचा तुकडा घेतात. मेलॅनोमाचा संशय असल्यास शक्यतो पूर्ण डागच काढण्याकडे कल असतो, कारण त्याची खोली मोजणे अत्यावश्यक असते. काम पंधरा-वीस मिनिटांचे असते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

काढलेला तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत प्रयोगशाळेत जातो. तेथे त्याचे मेणात साचे करून अतिशय पातळ काप घेतले जातात, ते रंगवले जातात आणि विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. या प्रक्रियेला काही दिवस लागतात. अहवाल उशिरा आला म्हणजे काही वाईट निघाले असे नाही. कधी अधिक काप घ्यावे लागतात, कधी विशेष रंजके वापरावी लागतात. अहवालात कर्करोगाचा प्रकार, त्याची खोली आणि पेशी किती बिघडलेल्या आहेत याचा उल्लेख असतो. मेलॅनोमाच्या अहवालात मिलिमीटरमध्ये दिलेला एक आकडा असतो. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये ही मोजणी रूढ केली. एक मिलिमीटरहून कमी खोलीचा मेलॅनोमा बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने बरा होतो. खोली वाढत जाते तसा धोका वाढतो. अहवालाची मूळ प्रत आणि शक्य असल्यास मेणाचा साचा व काचपट्ट्या जपून ठेवाव्यात. दुसऱ्या रुग्णालयात मत घ्यायचे झाल्यास त्यांची गरज लागते.

निदानानंतरचे पहिले दिवस

'कॅन्सर' हा शब्द कानावर पडल्यानंतर डॉक्टरांनी पुढे सांगितलेले फारसे लक्षात राहत नाही, असा पुष्कळ रुग्णांचा अनुभव असतो. म्हणून अहवाल ऐकायला जाताना घरातील एक शांत डोक्याची व्यक्ती सोबत असावी आणि प्रश्न आधीच कागदावर लिहून न्यावेत. कर्करोग नेमका कोणत्या प्रकारचा आहे, तो इतरत्र पसरला असण्याची शक्यता किती, शस्त्रक्रियेखेरीज दुसरा पर्याय आहे काय, किती त्वचा काढावी लागेल, जागा कशी भरून काढणार, व्रण कोठे व केवढा राहील, किती दिवस काम बंद ठेवावे लागेल आणि खर्च किती, हे प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. पहिल्या भेटीत उत्तरे समजली नाहीत तर पुन्हा भेट मागण्याचा रुग्णाला अधिकार आहे.

आपल्या कुटुंबांत एक प्रघात दिसतो. अहवाल आधी मुलाच्या किंवा जावयाच्या हाती पडतो आणि "आईला काही सांगू नका" अशी डॉक्टरांना विनंती होते. हेतू प्रेमाचाच असतो. परंतु नाकावरची गाठ काढताना केवढी जखम होणार, कपाळाची त्वचा का घ्यावी लागणार, पुढची पाच वर्षे तपासणीला का जायचे, हे रोगाचे नाव न घेता समजावणे कठीण असते. रुग्णाला घरातल्या कुजबुजीवरून बहुधा अंदाज आलेलाच असतो. मग दोन्ही बाजू एकमेकांपासून लपवत राहतात आणि भीती एकट्याने सोसावी लागते. सर्वसाधारण बेसल सेल कार्सिनोमा जिवावर बेतणारा नसतो. हे वाक्य रुग्णाला डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला मिळाले तर निम्मा भार उतरतो. वाईट बातमी लपवण्याच्या भरात ही चांगली बातमीही त्याच्यापासून लपवली जाते, हे कुटुंबाने लक्षात घ्यावे.

झोप उडणे, भूक मंदावणे, सतत आरशात पाहणे किंवा आरसाच टाळणे, 'आपल्यालाच का' हा विचार मनात घोळत राहणे, या प्रतिक्रिया निदानानंतरच्या काळात स्वाभाविक आहेत. तंबाखू, ऊन, उशीर यांवरून रुग्णाला बोल लावण्याची ही वेळ नव्हे. हा रोग संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने किंवा नातवंडांना जवळ घेतल्याने तो लागत नाही. शेजारीपाजारी विचारतील तेव्हा काय व किती सांगायचे हे रुग्णानेच ठरवावे आणि घरच्यांनी त्याचा मान राखावा.

शस्त्रक्रिया

बहुसंख्य त्वचाकर्करोगांवर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार आहे. दिसणाऱ्या गाठीबरोबर भोवतालची थोडी निरोगी त्वचाही काढली जाते, कारण रोगाची मुळे डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा पुढे गेलेली असू शकतात. लहान बेसल सेल कार्सिनोमात ही कड साधारणपणे चार मिलिमीटर, स्क्वॅमस सेल कार्सिनोमात चार ते सहा मिलिमीटर किंवा गरजेनुसार अधिक आणि मेलॅनोमात खोलीनुसार एक ते दोन सेंटिमीटर ठेवतात. म्हणूनच मसुराएवढ्या गाठीसाठी अपेक्षेपेक्षा मोठी जखम होते आणि टाक्यांची रेघ तर त्याहून लांब असते. शस्त्रक्रियेनंतर आरशात पाहून धक्का बसू नये यासाठी हे आधीच सांगितलेले बरे.

लहान शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊन होतात. सुई टोचताना जळजळते. त्यानंतर ओढल्याची, दाबल्याची जाणीव राहते, मात्र वेदना होत नाही. रक्तस्राव थांबवण्यासाठी विद्युत उपकरण वापरतात तेव्हा जळका वास येतो. त्याने घाबरण्याचे कारण नसते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना सांगून त्यांच्या सल्ल्याने वागावे. मधुमेह असल्यास साखर आधी आटोक्यात आणावी आणि धूम्रपान थांबवावे. विशेषतः जेथे त्वचा फिरवून किंवा दुसरीकडून आणून लावायची असते तेथे धूम्रपानाने ती त्वचा मरण्याचा धोका वाढतो.

नाक, पापणी, कान, ओठ या ठिकाणी एकेक मिलिमीटर मोलाचा असतो. अशा जागांसाठी अमेरिकी शल्यविशारद फ्रेडरिक मोस यांनी १९३० च्या दशकात एक पद्धत विकसित केली. तिच्यात गाठ पातळ थरांनी काढतात आणि प्रत्येक थराची संपूर्ण कड त्याच बैठकीत सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. जेथे रोग शिल्लक दिसेल तेवढ्याच जागी पुन्हा थर काढतात. पहिल्यांदाच झालेल्या बेसल सेल कार्सिनोमात या पद्धतीने सुमारे ९९ टक्क्यांपर्यंत रुग्ण बरे होतात. भारतात ती मोजक्या केंद्रांतच उपलब्ध आहे. अन्यत्र शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठवलेल्या कापांची तपासणी करून किंवा पूर्ण अहवाल आल्यानंतर जखम बंद करून हाच हेतू साधला जातो.

काढलेल्या भागाची जागा लहान असेल तर कडा जुळवून टाके घालतात. मोठी असेल तर शेजारची त्वचा सरकवून आणतात किंवा मांडी, कानामागचा भाग अशा ठिकाणची त्वचा कापून तिचे रोपण करतात. नाकाच्या मोठ्या जखमेसाठी कपाळावरची त्वचा तिच्या रक्तवाहिनीसह खाली वळवून लावण्याची जी रीत आज जगभर वापरली जाते, तिचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. टिपूशी झालेल्या १७९२ च्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाचे नाक टिपूच्या सैनिकांनी कापले. पुढे पुण्याजवळच्या एका परंपरागत कारागिराने कपाळाच्या त्वचेपासून त्याला नवे नाक करून दिले. या शस्त्रक्रियेचा सचित्र वृत्तान्त ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि युरोपात या विद्येचा प्रसार झाला. वैद्यकीय जग तिला आजही भारतीय पद्धत म्हणते. या शस्त्रक्रियेत सुमारे तीन आठवडे कपाळापासून नाकापर्यंत त्वचेचा एक पूल तसाच राहतो आणि दुसऱ्या टप्प्यात तो कापून टाकतात. हे तीन आठवडे रुग्णाला सर्वांत जड जातात. या काळात कोणाला भेटायचे, कोणाला नाही, हे त्याच्यावर सोपवावे.

सर्वांनाच शस्त्रक्रिया करावी लागते असे नाही. अगदी वरवरच्या बेसल सेल कार्सिनोमावर विशिष्ट मलमे लागू पडतात. वार्धक्यामुळे किंवा अन्य व्याधींमुळे शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांना किरणोपचार दिले जातात. मेलॅनोमा ठराविक खोलीपेक्षा अधिक असेल तर ज्या लसिका ग्रंथीत रोग सर्वप्रथम पोहोचण्याची शक्यता असते ती शोधून काढून तपासतात. पसरलेल्या मेलॅनोमासाठी गेल्या दीड दशकात प्रतिकारशक्तीला मोकळीक देणारी औषधे आली आहेत. त्यांमागच्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन व तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

'कडा मुक्त' म्हणजे काय

शस्त्रक्रियेनंतर दुसरा अहवाल येतो आणि त्यातील दोन शब्द सर्वांत महत्त्वाचे असतात. कडा मुक्त असल्याचे लिहिले असेल तर काढलेल्या भागाच्या सीमेवर कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत असा त्याचा अर्थ. कडेला रोग शिल्लक असल्याचे निघाले तर पुन्हा थोडी त्वचा काढावी लागते किंवा किरणोपचारांचा विचार होतो. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागणे हे रोग हाताबाहेर गेल्याचे लक्षण नव्हे. चेहऱ्यावर कमीत कमी त्वचा काढण्याचा प्रयत्न असतो, तेव्हा असे काही रुग्णांत घडतेच. जखम भरली म्हणून हा अहवाल घ्यायला न जाणारे रुग्णही असतात. ती चूक टाळावी.

जखम आणि व्रण

पहिले एक-दोन दिवस ठणका, सूज आणि डोळ्याजवळ शस्त्रक्रिया झाली असल्यास काळानिळेपणा येतो. उशा उंच घेऊन झोपल्याने सूज कमी राहते. पट्टीतून रक्त झिरपल्यास स्वच्छ कापडाने वीस मिनिटे सतत दाबून धरावे, मधूनमधून उचलून पाहू नये. तरीही न थांबल्यास रुग्णालय गाठावे. जखम डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे धुऊन त्यांनी दिलेल्या मलमाने ओलसर ठेवावी. हळद, राख, कॉफीची पूड किंवा झाडपाल्याचा लेप टाक्यांवर लावू नये. वाढता ठणका, लाली, पू किंवा ताप ही जंतुसंसर्गाची लक्षणे होत. चेहऱ्यावरचे टाके साधारण पाच ते सात दिवसांत आणि हातापायांवरचे व धडावरचे दहा ते चौदा दिवसांत काढतात. तोवर जड उचलणे, पाण्याची कळशी कमरेवर घेणे, वाकून झाडणे टाळावे.

व्रण आरंभी लाल व कडक असतो. तो मऊ आणि फिका होण्यास सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून अधिक काळ लागतो. भारतीय त्वचेवर व्रण काळपट राहण्याची आणि छाती, खांदा, कानाची पाळी येथे तो फुगून वाढण्याची प्रवृत्ती असते. सिलिकॉनची पट्टी, हलके मर्दन आणि गरज पडल्यास व्रणात दिलेली इंजेक्शने यांचा उपयोग होतो. भोवतालची बधिरता बहुधा हळूहळू कमी होते.

चेहऱ्यावरच्या व्रणाचे दुःख दिसते त्यापेक्षा खोल असते. लग्नकार्याला न जाणे, छायाचित्र टाळणे, पदर किंवा रुमाल सतत तोंडावर धरणे, रोजच्या बस थांब्याऐवजी लांबच्या थांब्यावर उभे राहणे ही त्याची लक्षणे घरच्यांनी ओळखावीत. "जीव वाचला ना, मग चेहऱ्याचे काय घेऊन बसलात" हे वाक्य सांत्वन म्हणून उच्चारले जाते, पण ऐकणाऱ्याला आपल्या दुःखाला जागाच नाही असे वाटते. व्रण सुधारण्याची शस्त्रक्रिया मागणे ही चैन नव्हे. काही आठवडे उलटूनही उदासी, झोपमोड किंवा रोग परतण्याची भीती रोजच्या जगण्यात अडथळा आणत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाची किंवा समुपदेशकाची मदत घ्यावी. शस्त्रक्रियेइतकाच तोही उपचाराचा भाग आहे.

पुढची वर्षे

एकदा त्वचेचा कर्करोग झालेल्या व्यक्तीला दुसऱ्या जागी पुन्हा तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. त्यामुळे आरंभी दर काही महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी होत राहते. मेलॅनोमात ही तपासणी अधिक वारंवार असते. घरी महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात संपूर्ण त्वचा पाहावी. पाठ, टाळू आणि तळपाय यांसाठी जोडीदाराची मदत घ्यावी. बोटांच्या बेचक्या व नखे विसरू नयेत. संशयास्पद डागाचे शेजारी पट्टी ठेवून मोबाइलवर छायाचित्र घेतले तर पुढच्या वेळी बदल नेमका कळतो.

उन्हापासून बचावासाठी औषधी मलमाआधी सावली, कापड आणि घड्याळ यांचा विचार करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापकावर अतिनील किरणांचा निर्देशांक अकरा किंवा अधिक असेल तर तो अतितीव्र मानतात. कोकण-गोव्याच्या पट्ट्यात उन्हाळ्यातील निरभ्र दुपारी तो या पातळीला सहज जातो. सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ शक्य तेवढी टाळावी, रुंद काठाची टोपी आणि लांब बाह्यांचे कपडे वापरावेत. शेतकऱ्याच्या डोक्यावरचे मुंडासे हे काम पिढ्यान्पिढ्या करीत आले आहे. मात्र त्यातून कान व ओठ उघडे राहतात. उघड्या भागांवर किमान ३० संरक्षणगुणांकाचे मलम लावावे आणि दर दोन तासांनी, घाम आल्यावर किंवा पाण्यात उतरल्यावर पुन्हा लावावे. ढगाळ हवेतही अतिनील किरण पोहोचतात.

उपचार कोठे

गोव्यात बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग, शस्त्रक्रिया व सुघटन शस्त्रक्रिया या विभागांचा सल्ला मिळतो. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा व हैदराबाद येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्या त्या भागांतील वाचकांना जवळची आहेत. गुंतागुंतीच्या प्रकरणांत १९४१ पासून कार्यरत असलेल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलचे मत घेता येते. गोव्यातील दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणि देशपातळीवरील आयुष्मान भारत योजना यांतून पात्र कुटुंबांना उपचारखर्चात साहाय्य मिळू शकते. दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयाच्या योजना कक्षात कार्ड व कागदपत्रे दाखवून घ्यावीत.

महिनाभरात न भरलेली कोणतीही जखम, बदलत जाणारा कोणताही तीळ आणि जुन्या व्रणावर उठलेली कोणतीही गाठ यांसाठी त्वचारोगतज्ज्ञाची एक भेट पुरेशी असते. बहुतेकांना तेथे निर्धास्त होऊन परतता येते. उरलेल्यांपैकी जे वेळेवर पोहोचतात त्यांच्यातील बहुतेकांना टाक्यांची एक रेघ आणि वर्षातून एक तपासणी, एवढ्यावर हा रोग मागे टाकता येतो.